मागून टकटक: लेकीला डबलसीट घेऊन दिवेआगर ते गुहागर

ठकी साडेसात वर्षांची आहे. (ठकी हे घरातलं नाव. शाळेतलं नाव तिला विचारल्याशिवाय कुठेही लिहायचं नाही, असा तिचा हुकूम आहे.) गेल्या दिवाळीत ती उभ्या गाडीवर मागे चढून बसली आणि तिचे दोन्ही तळवे फूटरेस्टवर सपाट टेकले. नुसती बोटं टेकत होती ती वर्षभर. तळवे टेकायची मी वाट बघत होते.

याच्यामागे काही हौस नाही. पाय लोंबकळत असले की मुलाचा सगळा तोल हातांवर येतो, आणि ब्रेक लागला की नेमके तेच हात सुटतात. शिवाय लोंबकळणारी टाच मागच्या चाकाकडे जाते. आपल्याकडच्या मोटरसायकलींना डाव्या बाजूला साडीगार्ड असतो, त्याला आपण जुन्या बायकांच्या जमान्यातली वस्तू समजून हसतो. तारांमध्ये लहान मुलाची टाच जाऊ नये म्हणून त्याच्याइतकी उपयोगी वस्तू गाडीवर दुसरी नाही. आमच्या युनिकॉर्न मोटरसायकलचा कोणाच्या तरी सल्ल्यावरून काढून माळ्यावर टाकला होता. तो पुसून परत बसवला. प्रवासाची तयारी तिथून सुरू झाली.

बेत असा: जानेवारीत संक्रांत झाली की गुरुवारी निघायचं, शाळेला तीन दिवस बुट्टी. मी आणि ठकी गाडीवरून पुणे, दिवेआगर, आंजर्ले, गुहागर. तिचा बाबा शनिवारी एसटीने गुहागरला येणार आणि परतताना तिला एसटीनेच घेऊन जाणार. मी एकटी घाट चढून परत.

"तिघं एकाच गाडीवर का नाही जात? लहान मूल धरत नाहीत हो," असं सोसायटीत दोघांनी सांगितलं. धरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे चालकाच्या मागे एकच माणूस, आणि त्यात वयाची सूट नाही. दंड हजार रुपये, वर लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. पण दंडाचं सोडा. तिघं बसले की एक तर मूल दोघांत चेपलेलं असतं आणि त्याला रस्ताच दिसत नाही, नाहीतर ते पुढे टाकीवर असतं. टाकीवरचं किंवा स्कूटरच्या फळीवर उभं असलेलं मूल म्हणजे ब्रेक लागल्यावर हँडल आणि आपली छाती यांच्या मधली उशी. मीही ठकीला बालवाडीत तसंच नेलंय, दोन वर्षं, रोज. फुशारकी म्हणून सांगत नाही.

चार वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला आणि तो वर्षभराने लागू झाला. मुलाला चालकाशी जोडणारा हार्नेस, नऊ महिन्यांच्या पुढे मापाचं हेल्मेट, वेग ताशी ४० च्या आत. चार पूर्ण झाली की मोठ्यांसारखं हेल्मेट तेवढं सक्तीचं राहतं, हार्नेस आणि चाळीसची मर्यादा सुटते. आता चौथ्या वाढदिवसानंतर मुलं गाडीवर पेंगायची थांबतात असं काही माझ्या पाहण्यात नाही. हार्नेस ३० किलो पेलणारा असावा, असं त्या नियमातच म्हटलंय. ठकी २२ किलोची. म्हणून घेतला.

हेल्मेटवरून मात्र दुकानात वाद झाला. ठकीचं डोकं टेपने मोजून नेलं होतं, भुवयांच्या वरून, ५२ सेंटिमीटर. दुकानदार म्हणाला, "ताई, एक नंबर मोठं घ्या, वाढतं वय आहे." हेल्मेट काही शाळेचा गणवेश नाही, दुमडून शिवता येत नाही. आयएसआय मार्क बघून मापाचंच घेतलं. घरी तपासणी सोपी: पट्टा लावायचा, हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत, आणि मागून वर ढकलून बघायचं. डोक्यावरून पुढे सुटून आलं तर ते हेल्मेट नव्हे, टोपी.

नंतरचे तीन रविवार पानशेतच्या रस्त्यावर रंगीत तालीम. त्यात आमचे तीन करार झाले. एक, "चढू का?" विचारायचं आणि "चढ" ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. दोन, पाठीवर एक थाप म्हणजे मजेत, दोन थापा म्हणजे थांब, आणि थांब म्हटलं की आई कारण विचारत बसणार नाही. तीन, सारखं बोलत राहायचं. गाणं, पाढे, काहीही. कारण तालमीत एक गोष्ट कळली होती: पाऊण तास झाला की ठकी गप्प होते, आणि ठकी गप्प होणं ही झोपेची पहिली पायरी असते.

बडबडीला खाद्य म्हणून नंबरप्लेटचा खेळ काढला. एमएच १२ म्हणजे पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, ०६ रायगड, ०८ रत्नागिरी. दिसेल ती ओरडून सांगायची आणि थांबू तिथे वहीत रेघ मारायची.

पहिला दिवस: पुणे ते दिवेआगर

एकटी असते तर पाचला निघाले असते. ठकीला पाचला उठवलं की अकराला ती पेंगते, म्हणून झोप पूर्ण होऊ दिली आणि साडेसातला निघालो. सामान दोन बाजूच्या बॅगांत आणि एक मऊ गाठोडं ठकीच्या पाठीमागे आडवं बांधलेलं. त्याची तिला पाठ टेकायला छान आरामखुर्ची झाली. तिच्या पाठीवर मात्र सॅक दिली नाही. तालमीत बघितलं होतं, सॅकने मूल मागे ओढलं जातं.

मुळशीच्या पाण्यावर धुकं होतं आणि ताम्हिणीच्या अलीकडे थंडीने माझी बोटं क्लचवर आखडली. हातमोज्यांतून ही गत, तर मागे हालचाल न करता बसलेल्या मुलाचं काय? पाठीवर एक थाप आली, म्हणजे मजेत. तरी थांबले आणि तिच्या गालाला हात लावला, तर बर्फ! थंडी वाजतेय हे मुलं सांगत नाहीत, ती नुसती चिडचिडी होतात किंवा गप्प बसतात. स्वेटर होताच, त्यावर रेनकोट चढवला. वारा अडला आणि दहा मिनिटांत पाठीमागे "एमएच बाराऽऽ" सुरू झालं. थंडीत रेनकोट सोबत ठेवा. जाडजूड जॅकेटपेक्षा स्वस्त आणि घडी केली की तळहाताएवढा.

घाटात एका टपरीवर मिसळ खाल्ली. ठकीने पाव चहात बुडवून खाल्ला. शेजारच्या बाकावर पाचसहा मुलं बसली होती, मोठ्या गाड्या, गुडघ्यांवर चिलखतं. त्यातल्या एकाने ठकीच्या हार्नेसकडे बघून विचारलं, "हे काय गं, पॅराशूट?" ठकी म्हणाली, "आई पडू नये म्हणून." तो इतका हसला की चहा सांडला. मग त्यानेच उठून तिच्या बुटाची लोंबणारी नाडी आत खोचून दिली. नाडी साखळीत किंवा फूटरेस्टच्या सांध्यात अडकते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून वेल्क्रोचे बूट. ओढणी, लोंबते बेल्ट, मफलर यांचंही तेच. मफलरऐवजी कानटोपीसारखा गळपट्टा, तोही हेल्मेटच्या आत खोचलेला.

निजामपूर, माणगाव. माणगावात मुंबई-गोवा रस्त्यावरची ती प्रसिद्ध गर्दी ओलांडताना ठकी गाडीवरून उतरून माझ्याबरोबर चालली आणि मी गाडी ढकलत नेली. पंधरा मिनिटं गेली. ट्रकांच्या मधून तिला मागे बसवून वाट काढायची माझी हिंमत नव्हती आणि गरजही नव्हती.

म्हसळ्याच्या पुढे रस्ता खाली उतरू लागला, हवा बदलली. रेनकोट निघाला, स्वेटर निघाला. १६० किलोमीटरला आठ तास लागले. वेगाचा काटा ५० च्या पुढे गेला नाही, घाटात ३०. मागे मूल असताना गाडी किती पळते याला अर्थ उरत नाही. ते किती वेळ जागं, कोरडं, पोट भरलेलं आणि शू झालेलं राहतं, त्यावर दिवस मोजायचा.

दिवेआगरला एका घरगुती मुक्कामात उतरलो. संध्याकाळी मागच्या वाडीत पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ. मडकं उपडं घालून भोवती जाळ. घरातले काका मडक्यावर पाण्याचा शिपका मारून आवाज ऐकत होते, शिजलं की नाही ते त्यावरून कळतं म्हणे. ठकीने शेंगा सोलायचं काम अंगावर घेतलं आणि सोललेल्यांपैकी निम्मं खाल्लं. काकूंनी तिला सुवर्णगणेशाची गोष्ट सांगितली: १९९७ मध्ये बागेत खणताना पेटीत सापडलेला सोन्याचा मुखवटा, २०१२ मध्ये पडलेला दरोडा. ठकीला सापडण्यापेक्षा दरोडा जास्त आवडला. "चोर टू-व्हीलरवर होते का?" हा तिचा प्रश्न. काकूंना उत्तर माहीत नव्हतं.

दुसरा दिवस: खाडी, झोप आणि लिलाव

दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धन. हा रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की भरतीला तुषार उडतील की काय असं वाटतं. डावीकडे डोंगर, उजवीकडे पाणी आणि सकाळी नऊला रस्त्यावर आम्ही दोघी. इथे मी पहिल्यांदा तिला गाडी चालू असताना एक हात सोडायची परवानगी दिली, समुद्राला टाटा करायला. सरळ रस्ता, वेग ३०, दुसरा हात हार्नेसच्या मुठीवर. वळण आलं की मी "वळण!" ओरडणार आणि ती माझ्या ज्या बाजूला वळायचं त्या खांद्यावरून बघणार. मुलांना 'गाडीबरोबर झुक' सांगितलं की ती जास्त झुकतात किंवा घाबरून उलट झुकतात. 'त्या खांद्यावरून बघ' सांगितलं की अंग आपोआप बरोबर झुकतं. स्पीडब्रेकर आला की "उडी!", मग ती पायांवर जोर देऊन सीटवरून किंचित उठते. नाहीतर हलकं मूल प्रत्येक उंचवट्याला चेंडूसारखं उडतं.

श्रीवर्धनला बाळाजी विश्वनाथांचं गाव म्हणून थांबायचा माझा विचार होता. ठकीने पेशव्यांपेक्षा शहाळं पसंत केलं.

बागमांडल्याला जंगल जेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, सावित्रीची खाडी ओलांडायची. पलीकडे वेश्वी, म्हणजे रायगड संपून रत्नागिरी जिल्हा सुरू. जेटीचा उतार ओला, शेवाळलेला आणि बोटीचा पत्रा तेलकट. मूल मागे बसवून तिथून गाडी कधीही आत नेऊ नका. ठकी आधी चालत आत गेली, कठड्याला धरून उभी राहिली आणि मग मी पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय खाली ठेवून गाडी आत घेतली. बोटीत गाडी साइड स्टँडवर आणि गिअरमध्ये. माणसं गाडीच्या उताराच्या बाजूला उभी नाहीत हे बघायचं. दिवसभर तापलेल्या सायलेन्सरला मुलाची पोटरी लागणं हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत सहज होणारा अपघात आहे. म्हणून चढणं-उतरणं कायम डावीकडून, आणि लांब पँट, कितीही उकडो.

पलीकडे उतरल्यावर ठकीने जाहीर केलं, "आई, आठ! सगळे आठ!" एका खाडीत सहाचे आठ झाले होते. वहीत तिने नदी काढली आणि दोन्ही काठांवर आकडे लिहिले. जिल्ह्याची हद्द तिला पुस्तकातल्या नकाशावरून कधी कळली नव्हती, नंबरप्लेटवरून कळली.

केळशीला जेवलो. चूक तिथे झाली, आणि ती माझी. भात जास्त झाला, त्यावर सोलकढी, बाहेर रणरणतं ऊन, आणि मी विचार केला की आंजर्ले काही लांब नाही, तिथे जाऊनच आडवं होऊ. आडे गाव मागे पडलं आणि माझ्या हेल्मेटवर मागून टक झालं. मग टक, टक. मी म्हटलं, "काय गं?" उत्तर नाही. पुढच्या वळणाला तिचं सगळं वजन डावीकडे आलं.

गाडीवर झोपलेलं मूल म्हणजे पिशवीतलं पीठ. जिकडे कलेल तिकडे जातं. मी घाबरून ब्रेक मारला नाही, एवढंच नशीब. थ्रॉटल सोडला, डाव्या हाताने तिचं मनगट माझ्या पोटाशी दाबून धरलं आणि गाडी गिअरमध्येच हळू होऊ दिली. अगदी थांबताना क्लच. हार्नेसने तिला धरून ठेवलं होतं, म्हणून ती कलली ती तेवढीच कलली. पण पट्टा होता म्हणून चालवत राहिले असते, तर पुढच्या उजव्या वळणाला त्या २२ किलोंनी गाडीच उलट्या बाजूला ओढली असती. पट्टा गाडी बाजूला घेईपर्यंतचा वेळ देतो. झोपायचा पास देत नाही.

रस्त्याला लागून एक कौलारू घर होतं. ओटीवर आजी सुपारी कातरत होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी चटई अंथरली. "काढ तिचा तो डबा," म्हणाल्या, म्हणजे हेल्मेट. ठकी बूट न काढता झोपली. अर्ध्या तासाने मी तिला उठवायला गेले, तर आजी म्हणाल्या, "उठवू नको गो बाय. ऊन उतरू दे." मला कोकमाचं सरबत दिलं. त्यांचा मुलगा मुंबईला, नातू मे महिन्यात येतो, "तो पण असाच कुठं पण निजतो." एवढंच बोलणं झालं. मग त्या सुपारी कातरत राहिल्या आणि मी खांबाला टेकून माझ्या थरथरणाऱ्या हातांकडे बघत बसले. निघताना पैशांचं विचारायची चूक केली, त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं आणि ठकीच्या हातात दोन पेरू ठेवले.

तेव्हापासूनचा नियम: जेवण झालं की तास-दीड तास गाडी बंद. दोन ते चार हे मुलांच्या हिशेबात नाहीतच, असं धरून दिवस आखा.

झोपून उठलेली ठकी ताजीतवानी. मुक्कामाच्या जागी सामान टाकून सहज हर्णैला गेलो, संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे वाटे, बोटींमधून माल आणायला पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या, आणि मागे समुद्रात सुवर्णदुर्ग. लिलाव इतका भराभर चालतो की कोणी कधी बोली दिली ते कळत नाही. ठकीने उत्साहात हात वर केला आणि एका मावशींनी तिला टोपलीभर बांगडे विकून टाकले असते. "काय गो, नेतीस काय पुण्याला?" सगळ्या हसल्या. आम्ही चार बांगडे घेतले, मुक्कामाच्या बाईंनी तळून दिले. अंधार पडायच्या आत परत. अंधारात मूल मागे बसवून त्या रस्त्यांवर जायचं नाही: कुत्री, बैल, बिनदिव्याच्या सायकली, आणि काच वर केली की डोळ्यांत किडे.

तिसरा दिवस: दाभोळची फजिती

सकाळी कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो, पायऱ्या चढल्यामुळे ठकीचे पाय मोकळे झाले. दापोलीत थंडगार हवा, पेट्रोल, चिकू. तिथून दाभोळ.

दाभोळ ते धोपावे ही फेरीबोट २००३ पासून आहे. वाशिष्ठीच्या खाडीवर इथे पूल नाही, त्यामुळे सगळा रस्ता बोटीवर येऊन थांबतो. रांगेत उभे असताना मी स्टँड काढून, गाडी पायांवर पेलून, हातमोजे घालत होते. ठकी खाली उभी होती. समोरची बोट सुटतेय असं तिला वाटलं आणि तिने करार क्रमांक एक मोडला. डाव्या फूटरेस्टवर पाय ठेवून एकदम चढली. वजन २२ किलो, पण एका बाजूने झटक्यात आलं की ते दुप्पट वाटतं. गाडी गेली, मी गेले, ठकी गेली, तिघी डावीकडे आडव्या. बॅगेमुळे गाडी पूर्ण आपटली नाही आणि ठकीचा पाय खालून सुटला. माझ्या हातमोज्याचा तळवा फाटला, ठकीच्या पँटचा गुडघा. गुडघ्याच्या आत नुसती लाली.

दोन खलाशी धावत आले, गाडी उचलली, पेट्रोलचा नळ बघितला, आरसा सरळ केला. एकाने ठकीला विचारलं, "कुठं लागलं काय?" ठकी गंभीरपणे म्हणाली, "मी विचारलं नाही." त्याला काय कळणार! मी मात्र रागावले नाही, कारण उभी गाडी पायांवर पेलून हातमोजे घालत बसणारी बाई त्यात जास्त चुकली होती. दोन्ही हात हँडलवर, पुढचा ब्रेक दाबलेला, पाय रोवलेले, तेव्हाच मुलाला "चढ" म्हणायचं. बाकीची सगळी कामं त्याआधी. हेल्मेट तिचं जमिनीला लागलं नव्हतं. जोरात आपटलं असतं तर बाहेरून धड दिसलं तरी ते बदलायचं, हे मनात पक्कं होतं.

गुहागरला पोहोचलो तेव्हा दुपार कलत होती. किनाऱ्यावर ठकीने गाडी पडल्याचं वाळूत चित्र काढलं. त्यात मी सर्वांत खाली होते.

रात्री तिचा बाबा आला. त्याला पडल्याची बातमी पहिल्या तीस सेकंदांत मिळाली, बांगड्यांची नंतर.

चौथा दिवस: गुहागर

हा दिवस गाडीचा नव्हताच. घावन आणि नारळाचा रस, व्याडेश्वराचं दर्शन, समुद्र, झोप, पुन्हा समुद्र. संध्याकाळी हेदवीची बामणघळ बघायला जायचं ठरलं. आता आम्ही तिघं आणि गाडी एक. मुक्कामाचे मालक म्हणाले, "जावा की तिघं, इथं कोण बघतंय?" खरंच कोणी बघत नव्हतं, समोरून एका गाडीवर चौघं गेले. ठकी म्हणाली, "आई, मी मध्ये बसते ना, पट्ट्याने." नवऱ्यानेही माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की एकदाच, पाऊण तासाचा तर रस्ता. रिक्षा केली. घळीत भरतीचं पाणी शिरून उसळी मारत होतं आणि ठकी प्रत्येक लाटेला किंचाळत होती. रिक्षावाले काकाही आमच्याबरोबर उभे राहून बघत होते, जणू पहिल्यांदाच.

रात्री एसटीचा हिशेब निघाला. महिलांना निम्मं तिकीट, मुलांनाही निम्मं. नवरा म्हणाला, "तू हिच्याबरोबर बसमध्ये असतीस तर दोघींचं मिळून एकच तिकीट पडलं असतं. मी गाडी आणली असती." बरोबर होतं त्याचं. पण मला तो कुंभार्ली घाट एकटीने चालवायचा होता, आणि चार दिवस सारखं मागे कान लावून बसल्यावर ती इच्छा मी कमावली होती, असं माझं मत.

पाचवा दिवस: परत

अडीचशेच्या वर किलोमीटर, घाट, महामार्ग, आणि चार दिवसांत थकलेली मुलगी: हे गणित कोणत्याही बाजूने सुटत नाही, म्हणून एसटी. परतीच्या दिवशी सगळ्यांनाच घरी पोहोचायची घाई असते आणि थांबे गाळले जातात. एक बाजू बसने किंवा रेल्वेने करता येते का, हे मुलं असलेल्यांनी आधीच बघून ठेवावं.

चिपळूण, कुंभार्ली, पाटण, उंब्रज. घाटात गाडी हलकी, माझा वेग आपोआप वाढलेला. एका वळणाला मी सवयीने "वळण!" ओरडले आणि बाजूने जाणारा दुचाकीवाला दचकून माझ्याकडे बघत राहिला. साताऱ्याला चहा घेताना नवऱ्याचा मेसेज आला: ठकी चिपळूणच्या आधीच झोपली, कराडला उठली, एमएच ५० नवीन सापडला म्हणून खूश आहे.

मी चारला घरी. त्यांची बस संध्याकाळी स्वारगेटला. मी गाडी घेऊन गेले, नवरा सामान घेऊन रिक्षाने निघाला. ठकीचं हेल्मेट बसभर त्याच्या मांडीवर आलं होतं, मुद्दाम सांगून ठेवलं होतं, कारण घर जवळ आहे म्हणून तेवढ्यापुरतं राहू दे असं मलाच वाटलं असतं. पट्टा लावला, दोन बोटं घालून बघितली. मी गाडीवर बसले, पाय रोवले, ब्रेक दाबला. मागे एक रिक्षा हॉर्न वाजवत होती.

"चढू का?"

"थांब जरा." रिक्षा जाऊ दिली. "हं, चढ."